किल्ल्यातला कारकून

नव्या कॉलेजात पहिल्या दिवशी पाऊल टाकलंत तेव्हा एक गोष्ट तुम्हाला नक्की जाणवली असेल. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही! शाळेतलं टोपणनाव, दहावीचे मार्क, त्याच शाळेत मोठ्या भावाने करून ठेवलेले पराक्रम, सगळं मागे राहिलं. काहींच्या पोटात या जाणिवेने गोळा येतो. काहींना मात्र हायसं वाटतं. आज ज्याच्याबद्दल सांगणार आहे त्याला हे हायसं वाटणं फार हवं होतं. त्यासाठी त्याने दोनदा नाव बदललं, पद सोडलं, देश सोडला. आणि शेवटी ते त्याला मिळालं ते जेमतेम सात महिने, अफगाणिस्तानच्या उंबरठ्यावरच्या एका किल्ल्यात.

साल १९२८. जागा मिरानशाह, उत्तर वझिरिस्तान. आज हा भाग पाकिस्तानात आहे, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानची ती वायव्य सरहद्द होती. किल्ला म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर राजगड येणार, हरिश्चंद्रगड येणार, पाठीवर सॅक घेऊन पहाटेच्या अंधारात केलेली चढाई येणार. ते सगळं बाजूला ठेवा. इथे कडा नाही, बुरुजावरून दिसणारं हिरवं खोरं नाही. टोची नदीच्या खोऱ्यात, सपाटीवर, विटामातीच्या भिंती. भोवती काटेरी तारांचं कुंपण. सर्चलाइट, मशिनगन. शेजारी विमानं उतरण्यापुरतं मोकळं मैदान. आणि चहूबाजूंनी उघडेबोडके डोंगर, फुटक्या काचेसारख्या धारदार कडांचे. दहा-बारा मैलांवर अफगाण सरहद्द.

आत माणसं किती? सातशेच्या आसपास टोची स्काउट्स, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालची पठाणी शिपायांची फौज. आणि ब्रिटिश हवाई दलाची म्हणजे रॉयल एअर फोर्सची साधारण पंचवीस माणसं, त्यात अधिकारी मोजून पाच. या पंचविसांना नियम असा, की दिवसा तारेच्या कुंपणाबाहेर जायचं नाही आणि रात्री किल्ल्याच्या भिंतीबाहेर पडायचं नाही. झालं. एवढंच जग. आपल्या एखाद्या मध्यम कॉलेजचा कॅम्पस याहून मोठा असेल.

या पंचविसांत एक कारकून होता. नोंदीत नाव टी. ई. शॉ, सर्व्हिस नंबर ३३८१७१, हुद्दा एअरक्राफ्टमन. म्हणजे उतरंडीत जवळजवळ तळालाच. काम कचेरीत बसून टायपिंग करायचं. रोजचे हुकूम टाइप करा, फायली लावा, आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद ठेवा. उंचीने बेताचा, साडेपाच फुटांच्या आतबाहेर. दारू नाही, सिगारेट नाही. बराकीतली इतर पोरं विशीतली, आणि या गृहस्थाने १६ ऑगस्टला याच किल्ल्यात चाळिशी गाठली. चाळिसाव्या वर्षी तळातला कारकून! आपल्याकडे एखाद्याच्या बाबतीत असं झालं तर नातेवाईक लग्नकार्यात कुजबुजतात, बिचाऱ्याचं काही झालंच नाही म्हणून.

या बिचाऱ्याचं काय काय झालं होतं ते आता ऐका.

खरं तर तुम्ही त्याला ओळखता. निदान सिनेमा तरी पाहिला असेल किंवा त्याचं पोस्टर पाहिलं असेल. पांढरा अरबी झगा, निळे डोळे, मागे वाळवंट. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'. डेव्हिड लीनचा १९६२चा सिनेमा, सात ऑस्कर, आपले आय. एस. जोहर पण आहेत त्यात. पीटर ओटूल सहा फुटांपेक्षा उंच होता आणि खरा लॉरेन्स त्याच्या खांद्याला लागला असता, ही गंमत सोडून द्या. मुद्दा असा, की मिरानशाहच्या कचेरीत टाइपरायटर बडवणारा शॉ म्हणजेच हा लॉरेन्स. विसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या माणसांपैकी एक.

थॉमस एडवर्ड लॉरेन्स जन्मला १८८८ साली, वेल्समधल्या ट्रेमाडॉग नावाच्या गावात. पाच भावांतला दुसरा. आणि नावाचा घोळ इथूनच सुरू होतो. त्याच्या वडिलांचं खरं आडनाव चॅपमन. आयर्लंडमधली पहिली बायको आणि मुली सोडून ते घरातल्या मुलींच्या शिक्षिकेबरोबर निघून आले होते, आणि दोघांनी लॉरेन्स हे आडनाव घेतलं होतं. लग्न कधीच झालं नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही केवढी लपवायची गोष्ट होती ते तुम्ही समजू शकता. म्हणजे ज्या नावाने तो पुढे जगभर गाजला, ते नावही मुळात त्याच्या घराण्याचं नव्हतंच. नावं बदलण्याचं त्याला पुढे फारसं काही वाटलं नाही, त्यात या गोष्टीचा हात असणार, असं मला वाटतं.

ऑक्सफर्डमध्ये इतिहास शिकताना त्याला एका विषयाचं वेड लागलं, आणि तो विषय होता किल्ले. धर्मयुद्धांच्या काळात बांधलेले. १९०९च्या उन्हाळ्यात तो सीरियात गेला आणि सुमारे एक हजार मैल चालला. एकटा, पायी, उन्हातान्हात. त्यावर लिहिलेल्या प्रबंधाने त्याला पहिला वर्ग मिळवून दिला. ट्रेकिंगवाल्या मंडळींनी नोंद घ्यावी, किल्ले भटकूनही फर्स्ट क्लास मिळतो! अर्थात ते लिहून काढावं लागतं. पुढे कार्केमिश इथे उत्खननात तीनेक वर्षं गेली, तिथे तो अरबी बोलायला आणि अरबांत मिसळायला शिकला.

मग पहिलं महायुद्ध. दोन भाऊ १९१५ साली मारले गेले. लॉरेन्स कैरोत गुप्तवार्ता खात्यात नकाशे करत होता, तिथून तो तुर्कांविरुद्धच्या अरब उठावात गेला. १९१७मध्ये अकाबा पडलं, १९१८मध्ये दमास्कस. उंटावरून फिरणारा, रेल्वेचे रूळ उडवणारा कर्नल लॉरेन्स. पण अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवत असताना ब्रिटन आणि फ्रान्सने त्यांचा प्रदेश आपसात वाटून घेण्याचा करार आधीच करून ठेवला होता, आणि हे त्याला युद्ध संपण्याच्या बरंच आधी कळलेलं होतं. कळूनही तो अरबांना लढवत राहिला. हे ओझं त्याने नंतर उतरवलं नाही. युद्ध संपताना राजा पाचव्या जॉर्जच्या हातून मिळणारे मानसन्मान त्याने समोरासमोर नाकारले.

आणि नेमकी तेव्हाच प्रसिद्धी त्याच्या मागे लागली. लॉवेल थॉमस नावाच्या अमेरिकन पत्रकाराने १९१९मध्ये लंडनला त्याच्यावर एक शो सुरू केला. फिल्म, स्लाइड्स, संगीत, भाषण. लोक रांगा लावून येत. लॉरेन्सला ते आवडलं की नाही? इथे मी त्याची बाजू घेणार नाही. त्याने फोटोंसाठी अरबी पोशाखात पोझ दिली होती, आणि तो शो त्याने स्वतःही गुपचूप जाऊन पाहिला होता. प्रसिद्धी त्याला हवी होती आणि ती मिळाल्यावर स्वतःची किळसही यायची. पोस्ट टाकायची, मग लाइक्स मोजायचे, मग रात्री दोन वाजता डिलीट करायची. असं केलेले तुमच्यातही असतील.

१९२२च्या ऑगस्टमध्ये त्याने आयुष्यच डिलीट करायचं ठरवलं. तोवर तो विन्स्टन चर्चिलचा वसाहत खात्यातला सल्लागार होता. ते सोडून, जॉन ह्यूम रॉस या खोट्या नावाने, तो हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. संडास साफ करणं, कचरा उचलणं, कवायतीत शिव्या खाणं. वर्षअखेरीला वर्तमानपत्रांनी बातमी फोडली आणि जानेवारी १९२३मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. मग तो टी. ई. शॉ झाला आणि रणगाडा दलात घुसला. तिथे जीव रमेना. वरिष्ठांकडे, मित्रांकडे इतकी गयावया केली, की १९२५ साली हवाई दलाने त्याला परत घेतलं. पुढे त्याने कायदेशीररीत्या शॉ हेच नाव करून घेतलं.

डिसेंबर १९२६मध्ये तो हिंदुस्थानला निघाला, तेही प्रसिद्धीपासून पळण्यासाठी. त्याच्या अरब युद्धावरच्या जाडजूड पुस्तकाची मोजकी, महागडी आवृत्ती निघाली होती, त्यात झालेलं कर्ज फेडायला एक संक्षिप्त आवृत्ती बाजारात येणार होती आणि आता परत गाजावाजा होणार हे त्याला ठाऊक होतं. तसा तो झालाही. पुस्तक धो-धो खपलं. कर्ज फिटल्यावर उरलेला पैसा त्याने स्वतः घेतला नाही, हवाई दलाच्या धर्मादाय निधीला दिला. आणि स्वतः बसला कराचीच्या ड्रिघ रोड छावणीत, विमानाच्या इंजिनांच्या दुरुस्ती विभागात कारकुनी करत. जवळजवळ दीड वर्ष. पण तिथेही छावणी मोठी, माणसं फार. म्हणून त्याने स्वतःहून बदली मागून घेतली, आणि १९२८च्या मे महिन्यात पेशावरमार्गे मिरानशाहला पोचला.

सरहद्दीवरची बदली म्हणजे इतर सैनिकांच्या दृष्टीने शिक्षाच. उन्हाळ्यात भाजून काढणारी उष्णता. बाजार नाही, सिनेमा नाही, बाई दिसणं नाही. कुंपणाबाहेर जायची सोय नाही. पोरं दिवस मोजत. शॉ मात्र तिथे खूश होता, आणि हे त्याने पत्रांतून पुन्हा पुन्हा लिहिलं. तिथल्या शांततेबद्दल त्याने जे लिहिलं ते वाचताना हेवा वाटतो. ती एवढी गाढ होती, की आपलेच कान बिघडलेत की काय असं वाटावं.

त्याचा दिवस कसा जायचा? डोळ्यांसमोर आणा. कचेरीचं काम काही तासांचं. माणसंच पंचवीस, तर कागद किती असणार! एखादं विमान उतरायचं, त्याबरोबर टपाल यायचं, ते वाटायचं. विमान परत जायचं आणि पुन्हा सगळं शांत. दुसऱ्या बाजूला स्काउट्सची हालचाल चालू. हे स्काउट डोंगरात पायी फेरफटका मारायला निघत, झपाझप, दिवसभरात मैलच्या मैल तुडवत, आणि त्या फेरीला ते म्हणायचे गश्त. आपली गस्त ती हीच. शब्द फारसीतून इकडेही आला, तिकडेही गेला. शॉ या गस्तीवर जायचा नाही. ज्याने एकेकाळी वाळवंटात उंटावर शेकडो मैल कापले, तो तारेच्या आत राहायचा, निमूटपणे. संध्याकाळी डोंगरांच्या सावल्या लांब व्हायच्या, दिवे लागायचे, भिंतीवर पहारा बसायचा. आणि मग उरलेला सगळा वेळ त्याचा.

या वेळात तो पत्रं लिहायचा, ढीगभर. नाटककार बर्नार्ड शॉ आणि त्यांची पत्नी शार्लट हे त्याचे जवळचे स्नेही. शार्लट त्याला पुस्तकं पाठवायच्या आणि तोही त्यांना मोकळेपणाने लिहायचा. आडनाव मात्र त्याने बर्नार्ड शॉंवरून घेतलं नव्हतं असं तो सांगे. छोटं होतं, मिळालं, घेतलं. कराचीत त्याने हवाई दलातल्या भरतीच्या दिवसांवरचं पुस्तक पुरं केलं होतं. बराकीतली भाषा जशीच्या तशी, शिव्यांसकट. ते वाचून हवाई दलाचा प्रमुख ट्रेंचर्ड एवढा धास्तावला, की १९५०पर्यंत छापणार नाही असं वचन शॉने त्याला दिलं. ते छापून आलं १९५५ साली.

आणि एक मोठं काम त्याने या किल्ल्यात सुरू केलं. ब्रूस रॉजर्स नावाच्या अमेरिकन ग्रंथरचनाकाराने त्याला विचारलं होतं, होमरच्या 'ओडिसी'चं इंग्रजी भाषांतर करशील का. मोबदला आठशे पौंड. ही ग्रीक महाकथा तुम्हाला निदान वरवर माहीत असेल. ट्रॉयचं युद्ध संपवून घरी निघालेला ओडिसियस समुद्रात भरकटतो आणि घरी पोचायला त्याला दहा वर्षं लागतात. भाषांतरं त्याआधी पंचवीसेक झालेली. पण शॉचं म्हणणं, ते सगळे पंडित ग्रंथालयात बसलेले. मी त्या जुन्या काळातली घरं खणली आहेत, हत्यारं हाताळली आहेत, माणसं मारली आहेत. म्हणजे होमरची दुनिया मला हातापायांनी ठाऊक आहे. अट एकच, भाषांतरकार म्हणून माझं नाव कुठेही छापायचं नाही.

तर हे दृश्य बघा. वझिरिस्तानातला मातीचा किल्ला, बाहेर रात्र, भिंतीवर बंदूकधारी पठाण, आणि आत दिव्याखाली एक कारकून ग्रीक ओळी पुन्हा पुन्हा इंग्रजीत घोळवतोय. एकेक खंड तीन-तीन, चार-चार वेळा लिहितोय. त्या कथेत एक प्रसंग आहे. एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत ओडिसियस अडकतो आणि राक्षसाने नाव विचारल्यावर सांगतो, माझं नाव 'कुणी नाही'. या युक्तीनेच तो वाचतो. पण जहाज सुटल्यावर त्याला राहवत नाही, तो ओरडून आपलं खरं नाव सांगतो, आणि पुढची सगळी संकटं त्या एका ओरडण्यामुळे त्याच्यामागे लागतात. ही जागा भाषांतरित करताना शॉच्या मनात काय आलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

इथे मला जरा थांबायचंय. ही गोष्ट इथवर फार सुंदर वाटते. एकांत, डोंगर, होमर. पण तो किल्ला तिथे कशासाठी होता? त्या खोऱ्यात कुणी बोलावलं होतं म्हणून इंग्रज गेले नव्हते. वझीर आणि मेहसूद टोळ्यांना काबूत ठेवायचं, तेही कमी खर्चात, यासाठी हवाई दल तिथे होतं. तीनच वर्षांपूर्वी, १९२५च्या वसंतात, याच मिरानशाहहून आणि टांकहून उडालेल्या विमानांनी मेहसूदांच्या डोंगरांवर पन्नासहून अधिक दिवस बॉम्ब टाकले होते. पिंक नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ही मोहीम झाली म्हणून तिला पिंकचं युद्ध म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, खाली गावात राहणाऱ्यांना आलं नसेल. आणि टोळ्यांवर पायदळाऐवजी विमानाने हुकमत ठेवायची ही कल्पना १९२१च्या कैरो परिषदेत इराकसाठी पक्की झाली, तेव्हा तिची बाजू घेणाऱ्यांत चर्चिलचा सल्लागार लॉरेन्स होता. म्हणजे ज्या शांततेत शॉ होमर वाचत होता, तिची किंमत कुंपणापलीकडची माणसं देत होती, आणि त्या हिशोबात जुन्या लॉरेन्सची सहीही होती. तो किल्ल्याबाहेर पडला नाही, हे या अर्थानेही खरं आहे. त्याच्या लेखी पलीकडचे डोंगर आहेत, पलीकडची घरं फारशी नाहीत.

तर १९२८चा हिवाळा. पलीकडे अफगाणिस्तानात राजा अमानुल्ला सुधारणांच्या मागे लागला होता. मुलींच्या शाळा, नवे कायदे, युरोपी पोशाख. नोव्हेंबरमध्ये शिनवारी टोळीने बंड केलं, ते पसरत गेलं. आणि इकडे लंडनच्या वर्तमानपत्रांना अचानक आठवलं, अरे, तो लॉरेन्स तिकडेच कुठेतरी आहे ना?

पुढचं तुम्हाला फार ओळखीचं वाटेल. आधी बारीक अफवा, की लॉरेन्स सरहद्दीवर गुप्त कामगिरीवर आहे. मग डिसेंबरात एका रविवारच्या पत्राने अख्खी कहाणी छापली. लॉरेन्स पीराच्या वेशात अफगाण डोंगरांत फिरतोय, अमानुल्लाला भेटलाय, वगैरे वगैरे. सांगणारा म्हणे एक मिशनरी डॉक्टर. असा डॉक्टर नव्हताच! पण कहाणी हिंदुस्थानातल्या पत्रांनी उचलली, सोव्हिएत रशियातही इंग्रजांचं कारस्थान म्हणून तिचा डंका वाजला. त्या पीराला नावसुद्धा मिळालं, करम शाह.

आणि लाहोरमध्ये खरोखरच करम शाह नावाचा एक साधू पुरुष होता. जमावाने त्याला गाठलं आणि हाच वेशांतर केलेला लॉरेन्स म्हणून बेदम मारलं.

त्या वेळी खरा लॉरेन्स शेकडो मैल दूर, तारेच्या कुंपणात बसून हुकूम टाइप करत होता. त्याला पश्तू येत नव्हती. सात महिन्यांत त्याने सरहद्द ओलांडणं सोडाच, किल्ल्याबाहेर रात्र काढली नव्हती. पण हे कुणाला सांगणार? ज्या माणसाने एकदा अरबी झगा घालून फोटो काढलेत, तो पठाणी पगडी घालणार नाही यावर कोण विश्वास ठेवणार? अफवेला धरायला जागा लागते, आणि ती जागा त्याच्याच जुन्या फोटोंनी करून ठेवली होती. फॉरवर्ड करणाऱ्यांनी एवढं तरी बघितलं असतं, की अशा माणसाला पीर म्हणून फिरवण्यात सरकारचा काय फायदा! पण तेव्हाही कुणी बघितलं नाही.

काबूलमधला ब्रिटिश वकील सर फ्रान्सिस हम्फ्रीज वैतागला. आधीच राजधानीभोवती बंडखोर, वकिलातीतल्या आणि परदेशी माणसांना विमानाने पेशावरला हलवण्याचं काम सुरू, त्यात ही अफवा. लॉरेन्स सरहद्दीच्या इतक्या जवळ आहे तोवर लोकांची खात्री पटणार नाही, त्याला हलवा, असा त्याचा आग्रह. सरकारने मानलं. ८ जानेवारी १९२९ला विमानाने शॉला मिरानशाहहून लाहोरला नेलं, तिथून कराचीला. काय चूक केली म्हणून? काहीच नाही. बाकीच्यांनी त्याच्याबद्दल जे बोलायचं ठरवलं त्याची शिक्षा.

आणि इथे आपली मुंबई येते. १२ जानेवारीला 'राजपुताना' नावाच्या बोटीवर मुंबई बंदरातून त्याला इंग्लंडला रवाना करण्यात आलं. दोनच दिवसांनी अमानुल्लाने गादी सोडली. म्हणजे राज्य बुडवायचा आरोप ज्याच्यावर, तो राज्य बुडालं तेव्हा अरबी समुद्रावर होता, बहुधा 'ओडिसी'च्या कागदांत मान घालून. घरी परतणाऱ्या खलाशाची कथा, आणि अनुवादक घरी परतायला नाखूश.

फेब्रुवारीत प्लिमथला बोट लागायच्या आधीच पत्रकार होड्या घेऊन तयार. त्यांना चुकवायला हवाई दलाने त्याला दोराच्या शिडीने एका नौदलाच्या लाँचमध्ये उतरवलं. शिडीवरचाच फोटो निघाला आणि लपूनछपून आणला म्हणजे नक्कीच हेर, अशी बोंब झाली. पार्लमेंटमध्ये अर्नेस्ट थर्टल नावाच्या मजूर पक्षाच्या खासदाराने प्रश्न विचारले, की हा माणूस खोट्या नावाने हवाई दलात काय करतोय. यावर शॉने काय केलं? तो सरळ थर्टलला भेटायला गेला. आईवडिलांची सगळी हकीकत सांगितली आणि विनंती केली, की हे चव्हाट्यावर आलं तर माझ्या आईला त्रास होईल, तेवढं थांबवा. थर्टलने ऐकलं. पुढे दोघांची चांगली दोस्ती झाली. सगळ्या प्रकरणात शहाणपणाने वागलेला मला हा एक माणूस दिसतो, विचारणारा आणि ऐकून घेणारा.

हवाई दलाने त्याला ठेवून घेतलं, बड्या लोकांत ऊठबस करायची नाही या अटीवर. नंतरची काही वर्षं त्याची बरी गेली. समुद्रात पडलेल्या वैमानिकांना वाचवायला वेगवान मोटरबोटी हव्यात यावर त्याने खपून काम केलं. बोटींच्या इंजिनांचं तेल हातावर, आणि 'ओडिसी' रात्री. भाषांतर संपायला १९३१ उजाडलं आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. निनावी राहायची अट काही टिकली नाही, अमेरिकेतल्या आवृत्तीवर टी. ई. शॉ असं नाव आलंच. फेब्रुवारी १९३५मध्ये त्याची नोकरी संपली आणि तो डॉर्सेटमधल्या आपल्या छोट्या कॉटेजवर राहायला गेला. दारात पत्रकार होतेच.

तीन महिनेही झाले नव्हते. १३ मेला तो आपल्या ब्रफ सुपिरियर मोटरसायकलवरून घराकडे येत होता. रस्त्याच्या उतारापलीकडे सायकलवर दोन मुलं होती, ती ऐनवेळी दिसली. त्यांना चुकवताना गाडी गेली आणि तो डोक्यावर आपटला. सहा दिवस शुद्ध नव्हती, १९ मे रोजी तो गेला. वय ४६. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा तरुण सर्जन होता. या मृत्यूने तो अस्वस्थ झाला आणि मोटरसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमांचा त्याने अभ्यास सुरू केला. १९४१मध्ये त्याचा निबंध आला, ब्रिटिश सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट आलं, आणि तिथून ते हळूहळू जगभर पसरत तुमच्या गाडीच्या हँडलला लटकण्यापर्यंत पोचलं.

मोरटन गावच्या दफनभूमीत त्याला पुरलं. थडग्याच्या दगडावर नाव आहे टी. ई. लॉरेन्स, आणि खाली ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचा फेलो असल्याचा उल्लेख. कर्नल नाही, अरेबिया नाही. आणि शॉ हे नावही नाही.